जवळच्या हवाई लढतीत पाश्चात्त्य विमानं सरस की रशियन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लोहगावच्या धावपट्टीच्या आसपास राहणाऱ्याला सुखोई दिसण्याआधी ऐकू येतं. आधी खिडकीचं तावदान थरथरतं, मग बोलणं थांबवावं लागतं, आणि गच्चीवर पोचेपर्यंत दोन इंजिनांच्या केशरी ज्वाळा ढगात शिरलेल्या असतात. आमच्या सोसायटीतली मुलं अशा वेळी हमखास विचारतात, "काका, हे एफ-१६ला हरवेल का?" हाच प्रश्न मोठी माणसंही विचारतात, फक्त जरा सजवून. वर्षानुवर्षं देत आलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

जवळची लढत म्हणजे नेमकी किती जवळची?

समोरचं विमान नुसत्या डोळ्यांनी दिसतंय, इतकी. बोलताना सगळे तिला डॉगफाइटच म्हणतात. स्वच्छ हवेत लढाऊ विमान साधारण आठ-दहा किलोमीटरवरून ठिपक्यासारखं दिसू लागतं. छोटं असेल तर आणखी जवळ आल्यावर. दोघं समोरासमोर ताशी ९०० किलोमीटरनं येत असतील तर दर सेकंदाला मधलं अंतर अर्ध्या किलोमीटरनं कमी होतं. म्हणजे ठिपका दिसल्यापासून एकमेकांना ओलांडून जाईपर्यंत पंधरा-वीस सेकंद. या ओलांडण्याच्या क्षणाला 'मर्ज' म्हणतात. खरी झुंज तिथून पुढे सुरू होते.

सरळ सांगा, कोण भारी?

विमानाचं नाव, साल आणि पंखाखालचं क्षेपणास्त्र सांगितल्याशिवाय याचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही. पण दोन्हीकडच्या विचारांत एक फरक नक्की होता, आणि तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

वेग आणि उंची ही वैमानिकाची शिल्लक असते. जोरात वळलं की ती खर्च होते. विमानाचं नाक झटक्यात शत्रूकडे वळवायचं असेल तर एकदम मोठी रक्कम मोजावी लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेनं एफ-१६ घडवलं ते शिल्लक राखून वळत राहण्यासाठी, आणि वैमानिकाला चौफेर दिसावं यासाठी. सोव्हिएत डिझायनरांनी मिग-२९ आणि सुखोई-२७ घडवताना नाक कमी वेगातही हवं तिकडे नेता यावं यावर भर दिला. पहिला विचार लढत लांबली तर कामाला येतो, दुसरा पहिल्याच वळणात निकाल लावायचा असेल तर.

९ 'जी'चं वळण म्हणजे काय होतं?

ताशी ७४० किलोमीटर वेगानं उडणारं विमान ९ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराच्या, वळणात सुमारे ४८५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ कापतं आणि पंधरा सेकंदांत पूर्ण फेरी मारतं. वेग ९०० केला की तेच वर्तुळ ७०० मीटरच्या वर जातं आणि फेरीला अठरा सेकंद लागतात. म्हणून मर्जला येताना नुसता वेग वाढवून चालत नाही, योग्य वेग धरावा लागतो. वेग फार कमी झाला तर पंख ९ जी पेलण्याइतकी उचल देत नाहीत. फार वाढला तर वर्तुळ पसरतं.

आत बसलेल्या माणसाचं काय होतं? ८० किलोचा वैमानिक ७२० किलोचा होतो. दोन किलोचं हेल्मेट अठरा किलोचं होतं, आणि ते डोक्यावर घेऊन त्याला मान वळवून मागे बघायचं असतं. रक्त पायांकडे ओढलं जातं, नजरेच्या कडा करड्या होतात, मग बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं. जी-सूट पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरतो, वैमानिक स्नायू ताणून श्वास अडवत-सोडत राहतो. दोन विमानांच्या आकड्यांची तुलना करताना मला नेहमी वाटतं की त्या तक्त्यात या माणसाच्या मानेला एक रकाना असायला हवा.

मिग-२९ विरुद्ध एफ-१६: कोणाच्या बाजूनं कौल?

या जोडीबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे, कारण इतिहासानं एक अजब संधी दिली. १९९० साली जर्मनीचं एकीकरण झालं आणि पूर्व जर्मनीची २४ मिग-२९ विमानं थेट नाटोच्या हवाई दलात आली. रोस्टॉकजवळच्या लागे तळावरून ती उडत. सार्डिनियातल्या देचिमोमान्नू तळावर ती अमेरिकी एफ-१६शी सराव लढती खेळत, आणि ज्यांच्याविरुद्ध पंधरा वर्षं तयारी केली तेच विमान अमेरिकी वैमानिकांना हाताच्या अंतरावर दिसू लागलं.

त्यांना आढळलं ते असं. मर्जनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत मिग-२९ जीवघेणं होतं. नाक पटकन वळे, आणि नाक वळलं नाही तरी वैमानिकाच्या हेल्मेटवरची दर्शिका क्षेपणास्त्राला बाजूचं लक्ष्य दाखवू शके. पण लढत लांबली की पारडं फिरे. आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी व्यवस्था) लावला की मिगचं इंधन भराभर संपत जाई. कॉकपिटभोवतीची चौकट जाड आणि पाठीमागची कड उंच, त्यामुळे मागे बघताना अडथळा. रडारचा सूर जुळवायला, बटणं दाबायला वैमानिकाला मान खाली घालावी लागे. शिवाय सुरुवातीची आरडी-३३ इंजिनं काळा धूर सोडत. विमान दिसण्याआधी त्याची रेघ दिसे, आणि जवळच्या लढतीत आधी दिसणं हा निम्मा पराभव.

आता एफ-१६च्या कॉकपिटमध्ये बसून बघा. काचेचा बुडबुडा एकसंध, समोर चौकटच नाही. आसन ३० अंशांनी मागे कललेलं, म्हणजे जीचा भार जरा सुसह्य. नियंत्रणाची दांडी मांड्यांमध्ये नसून उजव्या हाताशी. सुरुवातीच्या विमानांत ही दांडी हलतच नसे. तळहाताचा दाब ओळखून संगणक पंखांना आदेश देई. रडार आणि शस्त्रांची महत्त्वाची बटणं दांडी आणि थ्रॉटलवरच (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी मूठ), त्यामुळे नजर शत्रूवरून हलवावी लागत नाही. मात्र हाच संगणक विमानाला समोरून येणाऱ्या हवेच्या तुलनेत साधारण २५ अंशांहून जास्त नाक उचलू देत नाही. मिगचा वैमानिक जोर लावून आपल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. एफ-१६चा संगणक ठाम नकार देतो.

माझं मत विचाराल तर १९९०च्या सुमाराला पहिल्या वळणापुरतं मिग-२९, त्यानंतर एफ-१६. जर्मनीनं पुढे २००३ च्या सुमारास ही विमानं पोलंडला एकेक युरो अशा नाममात्र किमतीत देऊन टाकली.

हेल्मेटवरच्या दर्शिकेचं एवढं काय कौतुक?

माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे.

पूर्वी उष्णता शोधणारं क्षेपणास्त्र डागायचं तर विमानाचं नाक जवळजवळ शत्रूवर आणावं लागे. म्हणजे आधी वळणात जिंका, मग डागा. मिग-२९मध्ये वैमानिकाच्या एका डोळ्यासमोर छोटी काच असते, तिच्यावर उजळ खूण. डोकं कुठे वळलं आहे हे कॉकपिटमधले सेन्सर मोजतात आणि आर-७३ क्षेपणास्त्राचा 'डोळा' त्याच दिशेला फिरतो. हा डोळा नाकाच्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत बाजूला बघू शकतो, आणि सुटल्यावर क्षेपणास्त्र आपल्या ज्वाळेची दिशा बदलून अत्यंत आवळ वळण घेतं. वैमानिकानं बघायचं, कानात लक्ष्य सापडल्याचा सूर ऐकायचा, बटण दाबायचं. दहा टनी विमान वळवण्याऐवजी शंभर किलोचं क्षेपणास्त्र वळवायचं, इतका साधा आणि इतका मोठा हा बदल.

गंमत अशी की हेल्मेटची कल्पना अमेरिकी नौदलानं १९७०च्या दशकात फँटम या लढाऊ विमानावर वापरून पाहिली होती आणि मग सोडून दिली. सोव्हिएत संघानं ती योग्य क्षेपणास्त्राशी जोडली. जर्मन मिगांनी ते दाखवून दिल्यावर पाश्चात्त्य देश खडबडून जागे झाले. मग नवी क्षेपणास्त्रं आली: ब्रिटनचं अस्राम, जर्मनीच्या पुढाकारानं आयरिस-टी, अमेरिकेनं २००३ मध्ये सेवेत आणलेलं एआयएम-९एक्स आणि त्याच्या जोडीचं हेल्मेट. इस्रायल पायथन-४ घेऊन आधीच या वाटेवर होता. आज हे तंत्र रशियापेक्षा पाश्चात्त्यांकडे पुढे आहे असं मी म्हणेन. अस्राम तर आपल्या जग्वारवरही बसवलं गेलं.

ही देवाणघेवाण जुनीच. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर एक अमेरिकी साइडवाइंडर क्षेपणास्त्र चिनी मिग-१७मध्ये न फुटता रुतून बसलं. मिग तसंच तळावर परतलं, क्षेपणास्त्र मॉस्कोला पोचलं आणि त्यावरून के-१३ तयार झालं. आपल्या मिग-२१ विमानांवर १९७१ मध्ये लटकत होतं ते हेच.

पुगाचेव्हचा 'कोब्रा' खऱ्या लढतीत चालतो का?

१९८९च्या पॅरिस हवाई प्रदर्शनात सोव्हिएत चाचणी वैमानिक व्हिक्टर पुगाचेव्ह यांनी सुखोई-२७चं नाक सरळ वर, मग काटकोनाच्याही मागे झुकवलं, विमान क्षणभर फणा काढल्यासारखं पोटावर पुढे सरकत राहिलं, आणि पुन्हा नाक खाली आलं. बघणारे थक्क झाले. विमान आटोक्याबाहेर न जाता इतक्या टोकाला नेता येतं हा त्याचा अर्थ, आणि तो फार मोठा होता. पण कोब्रा संपतो तेव्हा तुमचा वेग अत्यंत कमी झालेला असतो. पाठीमागचा एक शत्रू पुढे निघून गेला तरी दुसरा असेल तर तुम्ही त्याच्यासमोर टांगलेलं लक्ष्य आहात. मी कोब्राला शस्त्र मानत नाही, विमानाच्या प्रकृतीची साक्ष मानतो.

मग आपल्या सुखोई-३० एमकेआयचं थ्रस्ट व्हेक्टरिंग?

त्याचा उपयोग आहे, पण तो कधी करायचा हे कळणारा वैमानिक हवा. या विमानाची नोझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडं, सुमारे १५ अंशांपर्यंत वळतात, आणि पंखांना हवेची पकड उरलेली नसतानाही विमान इंजिनाच्या जोरावर नाक फिरवतं. समोर एकच शत्रू असेल आणि तेवढ्यात बार उडवता आला तर डाव जिंकलात. नाही उडवता आला तर जडशीळ विमान वेग गमावून खाली बसू लागतं, आणि वर थांबलेला चाणाक्ष प्रतिस्पर्धी झडप घालतो. २००८ मध्ये आपली सुखोई अमेरिकेत नेलिसच्या रेड फ्लॅग सरावाला गेली, तेव्हा तिथल्या एका अमेरिकी अधिकाऱ्यानं नेमकं हेच निरीक्षण नोंदवलं होतं. आपल्याकडे त्यावर बराच राग व्यक्त झाला. मला ते निरीक्षण तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटतं, आणि ते ऐकून शिकण्यात आपलंच हित होतं.

एक गोष्ट मात्र एमकेआयच्या बाजूनं ठामपणे सांगेन: मागच्या आसनावरचा माणूस. जवळच्या झुंजीत डोळ्यांची दुसरी जोडी लाखमोलाची. विमान प्रचंड असल्यानं ते लांबून दिसतं हा तोटा ती बराचसा भरून काढते. लोहगावला २००२ मध्ये दाखल झालेली आणि पुढे नाशिकजवळ ओझरला बांधली गेलेली ही विमानं आहेत, त्यामुळे माझा जीव त्यांच्यात अडकलाय हे मान्यच करतो.

कोप इंडियात आपण एफ-१५ला हरवलं ना? आणि ब्रिटिश टायफूनला १२-०?

फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला झालेल्या कोप इंडिया या भारत-अमेरिका सरावात अमेरिकी एफ-१५ना आपल्या वैमानिकांनी चकित केलं, हे खरं. तिथे एमकेआय नव्हतं. आधीचं सुखोई-३० के होतं, सोबत मिग-२१ बायसन आणि मिराज-२०००. नियमच असे ठरले होते की अमेरिकींनी त्यांची लांब पल्ल्याची ताकद पूर्ण वापरायची नव्हती, आणि आपली विमानं संख्येनं कितीतरी जास्त होती. आपल्या वैमानिकांचं कौतुक डावपेचांसाठी करावं, विमानाचा निकाल लावण्यासाठी हा सराव वापरू नये.

२०१५ मध्ये इंग्लंडच्या कॉनिंग्जबी तळावर भारत-ब्रिटनचा इंद्रधनुष सराव झाला. जवळच्या लढतींत १२-० असा दावा आपल्या बाजूनं झाला, ब्रिटिशांनी तो मानला नाही. सराव शिकण्यासाठी असतो. कधी एकाला मुद्दाम वाईट जागेवरून सुरुवात करायला लावतात, कधी एखादं शस्त्र बाजूला ठेवतात. ते नियम माहीत नसताना नुसता आकडा सांगणं म्हणजे षटकं न सांगता धावा सांगण्यासारखं आहे.

पण खऱ्या युद्धात रशियन विमानंच जास्त पडली, त्याचं काय?

पडली. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यावर इस्रायली एफ-१५ आणि एफ-१६ यांनी सीरियाची ऐंशीहून अधिक मिग विमानं पाडली आणि हवाई लढतीत स्वतःचं एकही गमावलं नाही असं इस्रायल सांगतं. यातल्या बहुतेक लढती जवळून झाल्या. पण सीरियन वैमानिकांचे रेडिओ जाम केलेले होते, तर इस्रायलींना हॉकआय हे उडतं रडार असलेलं विमान आकाशाचं चित्र सांगत होतं. सीरियाकडे मिग-२१ आणि मिग-२३ होती, एफ-१६च्या पिढीची नव्हेत. कान-डोळे बांधलेल्या माणसाला कोणतंही विमान दिलं असतं तरी फार फरक पडला नसता.

१९ जानेवारी १९९१ची इराकवरची एक लढत मला विसरता येत नाही. अमेरिकी वैमानिक सीझर रॉड्रिग्ज यांच्या एफ-१५चा आणि एका इराकी मिग-२९चा मर्ज झाला. दोघं वळत-वळत खाली येत राहिले. मिगच्या वैमानिकानं सुटकेसाठी विमान उलटं करून अर्धं वर्तुळ खालच्या बाजूनं काढायचा प्रयत्न केला. त्याला पुरेशी उंचीच उरलेली नव्हती, आणि विमान वाळवंटात घुसलं. एकही गोळी झाडली गेली नाही. त्या मिगमध्ये हा डाव साधायची क्षमता होती. कमी पडला तो जमिनीलगतचा सराव आणि उड्डाणाचे तास.

क्षेपणास्त्रांच्या काळात तोफ कशाला?

दोन्ही बाजूंनी एकदा ती काढून पाहिली आणि दोन्ही पस्तावल्या. व्हिएतनामवर अमेरिकी फँटम विमानं आतल्या तोफेशिवाय गेली आणि चपळ मिग-१७ त्यांच्या अगदी जवळ शिरून वळू लागली. त्यातूनच १९६९ मध्ये अमेरिकी नौदलाची टॉपगन शाळा उभी राहिली आणि फँटमच्या 'ई' आवृत्तीत तोफ आली. तिकडे आपली मिग-२१ एफएलसुद्धा मुळात बिनतोफेचीच होती. १९६५च्या अनुभवानंतर पोटाखाली २३ मिलिमीटरची तोफ बसवावी लागली. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरवर आलेल्या पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटरला भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर गाठलं आणि पाडलं ते याच तोफेनं.

आजही विचार वेगळे आहेत. एफ-१६ची सहा नळ्यांची २० मिलिमीटर तोफ मिनिटाला सहा हजार गोळ्यांच्या वेगानं मारा करते, आणि विमानात गोळ्या ५११. मिग-२९ची एका नळीची ३० मिलिमीटर तोफ हलकी, गोळ्या फक्त १५०, पण अंतर लेझरनं मोजून देतात आणि एकेक गोळा जबर. राफेलमध्येही ३० मिलिमीटरच आहे, १२५ गोळ्या.

२७ फेब्रुवारी २०१९ला मिग-२१नं खरंच एफ-१६ पाडलं?

भारताचं म्हणणं, हो. पाकिस्तान नाकारतो. अभिनंदन वर्धमान यांचं बायसन पडलं आणि ते पकडले गेले, एवढं निर्विवाद. विमानापुरतं बोलायचं तर या जुन्या देहाला आर-७३ आणि हेल्मेट मिळालं होतं, म्हणून जवळ गाठ पडली तर ते एफ-१६ला घातक ठरू शकत होतं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१चा निरोप झाला. ओझरच्या कारखान्यात ज्यांनी आयुष्यभर ती जोडली, त्यांच्या घरांत त्या दिवशी काय वाटलं असेल याची मला कल्पना येते.

राफेल विरुद्ध सुखोई, जवळून?

राफेलचे त्रिकोणी पंख आणि पुढचे छोटे पंख झटक्यात वळायला उत्तम, विमान सुखोईपेक्षा कितीतरी हलकं आणि दिसायला लहान. त्रिकोणी पंखाचं विमान लांब वळणात वेग गमावतं हे जुनं दुखणं राफेलमध्ये ताकदवान इंजिनांनी बरंच कमी केलं आहे. अगदी कमी वेगात नाक फिरवण्यात सुखोई पुढे, पण तिथपर्यंत लढत जाऊ देईल तो राफेलचा वैमानिक नवशिकाच म्हणायचा. दोघांचे वैमानिक सारखे असतील तर मी राफेलवर पैज लावेन.

आता अशा लढती होतात तरी का?

क्वचित. युक्रेनमध्ये २०२२पासून दोन्हीकडे मुख्यतः मिग आणि सुखोईच समोरासमोर आहेत, पण लढती बहुतेक लांबूनच होतात, कारण जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांमुळे उंचावर जवळ जाणंच परवडत नाही. आणि जवळ गेलंच तर हेल्मेट आणि नवी क्षेपणास्त्रं दोघांकडे असल्यानं दोघंही एकमेकांवर डागून दोघंही पडण्याची शक्यता मोठी. म्हणून आज वैमानिकाला शिकवतात की शक्यतो मर्जपर्यंत जाऊच नकोस.

तरीही लोहगाव असो की गोव्यात दाबोळीला नौदलाची मिग-२९के असोत, एकास एक झुंजीचा सराव कुठल्याही तळावर बंद झालेला नाही. रडार जाम होतं, ओळख पटवायला जवळ जावं लागतं, लांबची क्षेपणास्त्रं संपतात. तेव्हा मान वळवून मागे बघायचं असतं, नऊपट वजनाच्या हेल्मेटसकट.